हनिमूनचं बेट ठरवा लग्नाच्या तारखेवरून

भूमध्य समुद्रातली लहान बेटं वर्षभर चालू नसतात, ही गोष्ट मुंबईत बसून बुकिंग करताना सहज निसटते. ग्रीसची सँटोरिनी, नॅक्सोस आणि मिकोनोस, स्पेनचं मेनोर्का, इटलीतल्या सार्डिनियाचा उत्तर किनारा, या सगळ्यांचा हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. त्यानंतर बरीच हॉटेलं आणि किनाऱ्यावरची खाण्याची ठिकाणं बंद होतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि समुद्राचं पाणी १५-१६ अंशांवर उतरतं. आपले मुहूर्त मात्र तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. म्हणून फोटो नंतर बघा, आधी महिना बघा.

लग्न नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असेल आणि लगेच निघायचं असेल तर माल्टा हा छोटा बेटांचा देश किंवा इटलीचं सिसिली घ्या. तिथली शहरं हिवाळ्यातही जागी असतात. दुपारी १५-१६ अंश, अधूनमधून पाऊस. भटकायला आणि खायला छान, पण पोहण्याचा विचार सोडून द्या. समुद्रच हवा असेल तर लग्नानंतर चार दिवस तारकर्लीला जाऊन या आणि युरोप मेअखेरीस ठेवा. एप्रिल-मेच्या लग्नाला मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. दिवस मोठे, गर्दी बेताची, पाणी २०-२२ अंश. रजा पुढे ढकलता येत असेल तर सप्टेंबर त्याहून सरस, कारण समुद्र उन्हाळाभर सावकाश तापतो आणि तेव्हा ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्राचं पाणी २४ अंशांच्या आसपास असतं. जुलै-ऑगस्ट टाळा. युरोपभर सुट्ट्या असतात, दर चढलेले असतात आणि एजियन समुद्रात मेल्टेमी हा उत्तरेचा वारा कधीकधी सलग काही दिवस वाहतो.

महिना ठरला की सामान किती वेळा उचलावं लागेल ते मोजा. हळद, लग्न, रिसेप्शन, पूजा, देवदर्शन हे सगळं उरकून निघालेल्या दोघांना विश्रांती हवी असते. एक बेट बदललं की अर्धा-पाऊण दिवस गेलाच. सकाळी अकराला खोली सोडा, बंदरावर उन्हात थांबा, दुपारी तीननंतर नवी खोली. आठ रात्री असतील तर एकच बेट, फार तर दोन. आठ रात्रींत तीन-चार बेटं दाखवणारं पॅकेज विश्रांतीसाठी घेऊ नका.

सँटोरिनीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांच्या यादीत ते पहिलं असतं. ज्वालामुखीच्या स्फोटाने तयार झालेल्या खोलगट भागाच्या कड्यावर, समुद्रापासून सुमारे ३०० मीटर उंचीपर्यंत, ती पांढरी गावं आहेत. त्यामुळे फोटोतल्या हॉटेलला किनारा नसतो, पायऱ्या मात्र भरपूर असतात. किनारे बेटाच्या दुसऱ्या बाजूला, कामारी आणि पेरिसाला. वाळू काळी, ज्वालामुखीची. दुपारी पाय भाजतात, पाण्यात जाण्यासाठीचे रबरी बूट न्या. क्रूझ जहाजं आली की कड्यावरच्या फिरा आणि ओइया या गावांच्या गल्ल्या भरून जातात. २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, पण एवढ्याशा बेटावर तेही पुष्कळ होतात. आमचं मत स्पष्ट आहे: इथे दोनच रात्री काढा, ओइयाऐवजी इमेरोविग्ली या गावात राहा, आणि उरलेल्या रात्री नॅक्सोसला द्या.

नॅक्सोस सँटोरिनीपासून बोटीने साधारण दोन तासांवर आहे. आगिओस प्रोकोपिओस, आगिया आना आणि प्लाका हे तीन किनारे ओळीने लागतात. वाळू फिक्या रंगाची आणि मऊ, आगिओस प्रोकोपिओस व आगिया आनाला हॉटेलातून पाण्यापर्यंत चालत जाता येतं, दरही सँटोरिनीपेक्षा बरेच कमी. पोहता येत नसेल तर आगिया आना बघा, तिथे पाणी उथळ असतं. मुख्य गावातून बस मिळते, गाडी नसली तरी अडत नाही.

परतीचा क्रम मात्र चुकवू नका. वारा वाढला की बंदर अधिकारी जहाजं थांबवतात. वेगवान कॅटामरान आधी थांबतात, मोठी जहाजं नंतर. म्हणून शेवटची रात्र अथेन्समध्येच काढा. बेटावरून थेट मुंबईचं विमान गाठण्याचा बेत फसला तर दोन नवी तिकिटं काढावी लागतात. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून विमानतळावर मेट्रो थेट जाते, तासभर लागतो.

वाऱ्याची धास्ती असेल तर ग्रीसच्या पश्चिमेची कॉर्फू, केफालोनिया ही बेटं घ्या. मेल्टेमीचा त्रास तिथे फारसा पोचत नाही, पाऊस जास्त म्हणून झाडीही हिरवीगार. क्रीट सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. एकाच सहलीत दोन्ही टोकं करू नका. पश्चिमेचं हानिया पकडून तिथेच राहा. माल्टात इंग्रजी चालते आणि गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात. शांतता हवी तर शेजारच्या गोझोला मुक्काम करा, फेरीबोटीला २५ मिनिटं लागतात. सार्डिनियाचं पाणी अप्रतिम, पण गाडीशिवाय किनारे गाठणं कठीण. मेनोर्का निवांत, इबिझा पार्ट्यांसाठी. काप्री एका दिवसापुरतं ठीक.

शाकाहारी जोडप्याला ग्रीस सोपं जातं. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगांतेस, पिवळ्या डाळीची फावा, भाज्यांचं ब्रियाम, कडक पावावर टोमॅटो-चीज घातलेला क्रीटचा डाकोस हे सगळं मांसाशिवाय असतं. भरलेल्या टोमॅटोत आणि द्राक्षाच्या पानांत मात्र कधीकधी खिमा असतो, विचारूनच मागवा. सिसिलीत वांग्याचा पास्ता आल्ला नोर्मा निर्धास्त खा. आरांचिनीत, म्हणजे भाताच्या तळलेल्या गोळ्यांत, मात्र बहुधा गोमांसाच्या किंवा डुकराच्या खिम्याचं सारण निघतं.

आता कागदपत्रं. ग्रीस, इटली, माल्टा, स्पेन या चौघांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, चालतो. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतात, आणि मुंबईत अर्ज द्यायच्या एप्रिल-मेच्या तारखा लवकर भरतात. शुल्क ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, विमा किमान ३०,००० युरोंचा. बोटांचे ठसे मेंदीच्या आधी देऊन टाका. मेंदीमुळे ते नीट उमटत नाहीत. नववधूने पासपोर्टवरचं नाव घाईने बदलू नये. माहेरचं नाव असेल तर तिकीट, विमा, हॉटेल सगळं त्याच नावाने करा आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून विवाह प्रमाणपत्र काढून सोबत ठेवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. ऑटोमॅटिक गाडी आधीच राखून ठेवा, कारण तिथे गिअरच्या गाड्या जास्त असतात आणि माल्टा सोडून सगळीकडे उजव्या बाजूने चालवायचं असतं. सँटोरिनीतल्या अरुंद वळणांवर चारचाकी क्वाड बाइक भाड्याने घेऊ नका. प्रवास विम्यात तिचे अपघात बरेचदा वगळलेले असतात.

हॉटेलचे पैसे भरण्याआधी ईमेलवर चार गोष्टी लेखी विचारा. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? सामान कोण उचलतं? खोलीतल्या छोट्या तलावाचं पाणी गरम केलेलं असतं का? मेमध्ये थंड पाण्यात कोणी उतरत नाही, आणि जादा पैसे मात्र त्या तलावाचेच असतात. चौथी गोष्ट, खोलीवरचा सरकारी कर दरात धरलाय का. ग्रीसमध्ये हंगामात तो पंचतारांकित हॉटेलला रात्रीचे १५ युरो असतो आणि सहसा तिथे पोचल्यावर वेगळा घेतात.