मुलांच्या आइस हॉकीत हस्तांदोलनाची रांग कशी लावायची

कॅनडात मुलाला आइस हॉकीत घातलं की आज ना उद्या संघाचं मॅनेजरपद गळ्यात पडतं. सामना कसा संपवायचा, म्हणजे दोन्ही संघांनी समोरासमोरून रांगेने जात एकमेकांशी हात कसे मिळवायचे, हे तेव्हा कुणी सांगत नाही.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये हस्तांदोलन रोजच्या सामन्यानंतर होत नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, कुणीतरी चार सामने जिंकून मालिका निकाली काढली, की मगच रांग लागते. मुलांच्या हॉकीत मात्र ती बऱ्याच ठिकाणी प्रत्येक सामन्यानंतर लागते.

भोंगा वाजला की मुलं आधी आपल्या गोलकीपरभोवती गोळा होतात. त्याच्या हेल्मेटवर टपल्या मारून होऊ द्या, मग रांग लावा. गोलकीपर सर्वांत पुढे. त्याचे पॅड जड असतात. तो मध्ये राहिला तर पुढे फट पडते आणि मागची मुलं एकमेकांवर आपटतात. प्रशिक्षक शेवटी.

रांग डावीकडून न्यायची, म्हणजे समोरचा उजव्या हाताला येतो. कॅनडात गाड्या उजवीकडून चालतात, पण इथे आपला पुण्या-मुंबईचा नियम! स्टिक डाव्या हातात, पातं खाली बर्फाकडे. मोठी मुलं उजवा ग्लोव्ह काढून डाव्या काखेत धरतात. अगदी लहानग्यांनी ग्लोव्हजसकट मुठीला मूठ लावली तरी चालतं, नाहीतर काढलेले ग्लोव्हज शोधण्यातच वेळ जातो. हेल्मेट डोक्यावरच.

‘गुड गेम’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. कुणी गप्पा मारायला थांबला की मागे गर्दी होते, आणि धक्काबुक्की नेमकी तिथेच सुरू होते. सामन्यात ज्याची कुणाशी जुंपली, तो मुलगा रांगेच्या मध्ये नको. त्याला शेवटी, प्रशिक्षकाच्या अगदी पुढे उभा करा. खुन्नस मोठ्यांच्याही डोक्यातून जात नाही. 2014 मध्ये एनएचएलच्या प्लेऑफमध्ये मॉन्ट्रियलकडून हरल्यावर बोस्टनच्या मिलान लुचिचने याच रांगेत प्रतिस्पर्ध्यांना धमकावलं होतं.

याच दोन संघांचा 1952 चा एक फोटो मुलांना जरूर दाखवा. मॉन्ट्रियलचा मॉरिस रिचर्ड, कपाळाला पट्टी, चेहऱ्यावर रक्ताचा ओघळ. समोर बोस्टनचा गोलकीपर जिम हेन्री, डोळा काळानिळा, किंचित वाकून हात मिळवतोय. रिचर्डनेच त्या दिवशी निर्णायक गोल केला होता.

आता पालक. रांग संपेपर्यंत जागा सोडू नका, टाळ्या दोन्ही संघांना वाजवा. ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात गर्दी करू नका. समोरच्या संघाचे पालक तिथेच भेटतात आणि रेफरीच्या निर्णयांवरून वाद उकरले जातात. मुलाला कमी खेळवलं वगैरे तक्रार असेल तर चोवीस तास थांबा. कित्येक क्लबांत हा नियमच असतो. मॅनेजर म्हणून तो मोसमाच्या पहिल्याच बैठकीत सांगून टाका, कारण पराभवानंतर पार्किंगमध्ये सांगायला गेलात तर कुणी ऐकत नाही.