शंकासुर ओळखायचा कसा, लावायचा कसा

नर्सरीत "छोटा गुलमोहर द्या" म्हटलं की बहुतेक वेळा शंकासुरच हातात येतो, आणि कधीकधी उलटंही होतं, शंकासुर म्हणून गुलमोहराचं रोप गळ्यात मारतात आणि काही वर्षांनी कंपाउंडची भिंत तडकायला लागली की उजेड पडतो. म्हणून आधी ओळख पक्की करा.

फूल आलेलं असेल तर पुंकेसर बघा. दहा असतात, लालभडक, पाकळ्यांच्या कितीतरी बाहेर मांजराच्या मिशांसारखे आलेले. पाकळ्या लाल-केशरी, कडा चुरगळलेल्या, त्यावर पिवळी किनार, आणि पाचातली एक पाकळी बारीक, नळीसारखी. गुलमोहरात हीच पाकळी पांढुरकी, ठिपक्यांची असते. गुलमोहर फुलतो उन्हाळ्यात, शंकासुर आपल्याकडे जवळजवळ वर्षभर थोडाथोडा चालू आणि पावसाळ्यात जोरात. फुलं नसतील तर फांदीवर जपून हात फिरवा, काटे लागले तर शंकासुर (काही झाडांना अगदी तुरळक असतात, नीट बघा), गुलमोहराला काटे नसतातच. शेंगही शंकासुराची बोटभर, गुलमोहराची फूट-दीड फूट. पूर्ण पिवळा आणि गुलाबी शंकासुरही मिळतो.

मूळचा हा अमेरिकेच्या उष्ण भागातला, बार्बाडोसचं तर राष्ट्रीय फूल आहे, पण आपल्याकडे सोसायटीच्या कुंपणापासून रस्त्याच्या डिव्हायडरपर्यंत सगळीकडे दिसतो, त्यामुळे बी विकत घ्यायची गरजच नाही. फक्त शेंग तपकिरी झाली की लगेच काढा. कडक ऊन लागलं की ती फटकन उकलते, दोन्ही सालं पिळवटतात आणि बिया कुठल्याकुठे उडतात.

बीचं साल जाम टणक असतं. तसंच पेरलं तर कधी उगवेल देव जाणे. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा, आतला फिकट रंग दिसला की बास, मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ज्या फुगल्यात त्या पेरायच्या, न फुगलेल्या परत घासायच्या. सेंटिमीटरभर खोल पेरा, ओल ठेवा पण चिखल नको, साधारण आठ-पंधरा दिवसांत कोंब वर येतो. रोप वीतभर झालं की जागेवर लावून टाका, मोठं झाल्यावर मुळं हलवलेली त्याला आवडत नाहीत. आणि पिवळ्याच्या बीतून पिवळाच येईल याची गॅरंटी धरू नका.

आता खरं सांगायचं तर शंकासुर मरतो तो लाडाने. रोज पाणी घालू नका, मूळ धरलं की वरची माती सुकल्यावरच द्या. शेणखत वर्षातून एकदोनदा पुरे, नत्राचं खत जास्त झालं तर नुसता पाला माजतो. ऊन मात्र निदान सहा तास हवंच, सावलीच्या बाल्कनीत लावणार असाल तर दुसरं काहीतरी बघा. कुंडी १४-१६ इंचाची घ्या, खाली भोकं मोकळी ठेवा.

आणि छाटणी! इथेच लोक कच खातात. फुलं नवीन फुटव्याच्या शेंड्यावर येतात, त्यामुळे न छाटलेलं झाड खाली काटक्या आणि वर चार फुलं असं दिसतं, आठ-दहा फूट उंच जातं. थंडी सरली की फेब्रुवारीत सरळ गुडघ्यापर्यंत कापा, जाड हातमोजे घालून. फुलाचा तुरा संपला की कोवळ्या शेंगाही काढत जा, म्हणजे पुढचा तुरा लवकर येतो, बीसाठी दोनचार ठेवा.

पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा आणि कडुनिंबाचं तेल. पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या बऱ्याचदा छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या असतात, मी त्यांना हात लावत नाही, पानं परत येतात.

बिया विषारी असतात हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये गुलाम बायका गर्भ पाडायला त्या वापरायच्या, अशी नोंद कीटक आणि झाडांची चित्रं काढणाऱ्या मारिया सिबिला मेरियन हिने १७०५ मध्येच छापली होती. घरात रांगतं मूल असेल तर शेंगा ठेवूच नका.