रस्त्यात अडकलेल्याचं पंक्चर काढताना

आधी विचारा, "मदत हवी का?" मग सायकल वळणापासून लांब, कडेला घ्या. ट्यूब काढली की टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. बाभळीचा काटा किंवा बारीक तार आतच राहिली, तर नवी ट्यूबही लगेच जाते. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका; हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली.

पॅचसाठी भोकाभोवती घासा, सोल्युशन पातळ लावा आणि ३-५ मिनिटं सुकू द्या. घाई इथेच नडते, ओल्यावर लावलेला पॅच सुटतो.

स्वतःची ट्यूब देण्याआधी टायरवरचा मापाचा आकडा आणि व्हॉल्व्ह बघा. बारीक व्हॉल्व्ह रिमच्या मोठ्या भोकात अडीनडीला चालतो, जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात जाणारच नाही. टायर चिरला असेल तर आतून घडी घातलेली दहाची नोट लावा, पण हवा थोडी कमीच भरा.