सोलापूरच्या उन्हात सॉल्ट प्रिंट

सॉल्ट प्रिंट म्हणजे मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट दिलेल्या कागदावर उन्हात छापलेले छायाचित्र. त्यासाठी सोलापुरात उन्हाची वाण नाही. मात्र प्रिंट बिघडतो तो बहुधा पातळ निगेटिव्हमुळे आणि क्षाराच्या पाण्यामुळे. इंग्रज संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३४च्या सुमारास प्रयोगास आरंभ करून १८३९ मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीत कागदातील मीठ आणि वरून दिलेले सिल्व्हर नायट्रेट यांपासून सिल्व्हर क्लोराइड तयार होते व ते उन्हात काळवंडते. त्याची संवेदनशीलता इतकी कमी असते की एन्लार्जरचा (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) प्रकाश पुरत नाही. निगेटिव्ह कागदावर दाबून ठेवूनच छापावी लागत असल्याने चित्र निगेटिव्हएवढेच येते, आणि म्हणून ४×५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म हवी.

ही निगेटिव्ह नेहमीच्या ब्रोमाइड कागदाला (डार्करूममध्ये फोटो छापायच्या कागदाला) चालणाऱ्या निगेटिव्हपेक्षा बरीच दाट असावी. छाया, म्हणजे चित्रातील गडद भाग, आधी काळ्या होतात, आणि तो काळेपणाच पुढचा प्रकाश अडवत असल्यामुळे उजळ भागांना उमटण्यास सवड मिळते. परिणामी साध्या निगेटिव्हचा प्रिंट राखाडी, निर्जीव दिसतो. छाया आणि उजळ भाग यांतील घनतेचा (निगेटिव्हच्या काळेपणाच्या मापाचा, म्हणजे डेन्सिटीचा) फरक १.८च्या आसपास असावा. त्यासाठी डेव्हलपिंगचा वेळ नेहमीच्या दीडपट धरून सुरुवात करावी आणि पुढे प्रिंट पाहून तो ठरवावा.

कागद शंभर टक्के सुती, शक्यतो चुन्याचे मिश्रण नसलेला घ्यावा. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ८ ग्रॅम जिलेटिन आधी थंडच भिजवून मग कोमट करून विरघळवावे, त्यात २० ग्रॅम आयोडीनविरहित शुद्ध मीठ घालावे आणि कागद दोन-तीन मिनिटे बुडवून टांगून वाळवावा. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ या कामी वापरू नये. वाळल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलीने खूण आधीच करून ठेवावी.

१०० मिलिलिटर द्रावणात १२ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, हे प्रमाण पुरेसे आहे. ते मात्र डिस्टिल्ड पाण्यातच करावे, कारण बोअरच्या पाण्यातील क्लोराइडमुळे द्रावण तत्काळ दुधाळ होते आणि महागडी चांदी वाया जाते. हातमोजे व चष्मा घालावाच. त्वचेवरचे काळे डाग काही दिवसांत जातात, डोळ्याला झालेली इजा भरून येईलच असे नाही. मंद पिवळ्या बल्बच्या उजेडात, धातूची पट्टी नसलेल्या ब्रशने, ४×५साठी सुमारे दीड मिलिलिटर द्रावण आधी आडवे, मग उभे पसरावे आणि कागद अंधारात वाळवावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कागद कडकडीत वाळला की काळा रंग फिका येतो. त्यामुळे खोलीत कूलर चालवून किंचित ओल राखणे हिताचे. पण ओला कागद निगेटिव्हला लागला तर चांदीचे डाग पडतात आणि ती निगेटिव्ह कायमची हातची जाते, म्हणून मध्ये पातळ पारदर्शक पॉलिएस्टर ठेवावे.

निगेटिव्ह व कागद एकत्र दाबून धरणारी, मागची पाठ अर्धी उघडता येणारी छापचौकट असेल, तर निगेटिव्ह न हलवता प्रगती पाहता येते. दाट निगेटिव्ह थेट उन्हात ठेवावी. थोडी पातळ असेल तर सावलीत, मोकळ्या आकाशाखाली ठेवावी, कारण मंद प्रकाशात वेळ जास्त लागला तरी कॉन्ट्रास्ट वाढतो. माझ्या मते मे महिन्यातल्या दुपारपेक्षा सकाळच आटोक्यातली. चित्र हवे त्यापेक्षा स्पष्टपणे गडद होईपर्यंत थांबावे. हायपोत (चित्र पक्के करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात) ते बरेच उजळते.

त्यानंतर मंद उजेडातच, पाण्याचा दुधाळपणा जाईपर्यंत पाणी बदलत धुवावे. १५ टक्के हायपोच्या दोन ताज्या ट्रेमध्ये प्रत्येकी चार मिनिटे ठेवावे. रंग विटकरी झाला म्हणून घाबरू नये. पुढे एक टक्का सोडियम सल्फाइटमध्ये तीन मिनिटे ठेवून वाहत्या पाण्यात निदान अर्धा तास धुवावे. वापरलेला हायपो मोरीत न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये साठवावा. त्यात चांदी असते. प्रिंट जाळीवर, सावलीत वाळवावा. वाळताना तो पुन्हा गडद होतो व विटकरी छटा तपकिरीकडे झुकते, म्हणून पुढच्या प्रिंटचा वेळ ओल्या प्रिंटवरून ठरवू नये.