प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉप घेताना: हार्ड डिस्क की एसएसडी?

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या गावात राहून प्रोग्रॅमिंग शिकणारा विद्यार्थी जुना लॅपटॉप घ्यायला नागपूर-अमरावतीला जातो, तेव्हा १ टीबीची हार्ड डिस्क सोडून २५६ जीबीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) का घ्यावी, हा प्रश्न त्याला पडतोच. नुसता आकडा पाहिला तर हार्ड डिस्क सरस वाटते. प्रोग्रॅमरचे काम कसे चालते हे पाहिले की हिशेब उलटतो.

हार्ड डिस्कमधली तबकडी लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट आणि वाचणारे टोक जागेवर सरकण्याचा वेळ धरला, तर विखुरलेल्या प्रत्येक फाइलमागे साधारण १५ मिलिसेकंद खर्च होतात. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण ते वेचलेला कापूस गाडीत भरून एका खेपेत जिनिंगला नेण्यासारखे काम आहे. प्रोग्रॅमिंग ही वेचणी आहे. तिथे वेळ जातो तो एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाण्यात. जावास्क्रिप्टच्या साध्या प्रकल्पातही हजारो बारीक फाइली असतात. अशा २०,००० विखुरलेल्या फाइली पहिल्यांदा वाचायच्या झाल्या, तर वरच्या हिशेबाने ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे लागतील. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे एका फाइलमागे ०.१ मिलिसेकंद धरले, तरी तेच काम दोन सेकंदांत उरकते.

म्हणून एसएसडीच घ्यावी. साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी आणि एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) त्याच्या कित्येक पट वेगाने वाचते, असे दुकानदार आवर्जून सांगेल. पण बारीक फाइलींच्या कामात या दोहोंतला फरक हार्ड डिस्क सोडताना जाणवणाऱ्या फरकापुढे किरकोळ आहे, त्यामुळे जुन्या लॅपटॉपमध्ये साटाच बसत असेल तर खंत करू नये. एम.२ खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवण्याची जागा) दिसली म्हणून तिथे एनव्हीएमई चालेलच असे नाही, तेव्हा मॉडेलची माहिती आधी पाहावी. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवण्याचे साधन) आणि एम्युलेटर (संगणकावर चालणारा आभासी फोन) वापरायचे असतील, तर ५१२ जीबी घ्यावी. ईएमएमसी (एसएसडीऐवजी दिलेली साधी साठवण चिप) असलेला स्वस्त लॅपटॉप मात्र टाळावा. तीही एसएसडीसारखी फ्लॅशच (वीज बंद झाल्यावरही माहिती ठेवणारी चिप) असली, तरी ती बहुधा संथ आणि बोर्डावरच कायमची जोडलेली असते, त्यामुळे पुढे बदलता येत नाही.

एसटीच्या प्रवासात चालू लॅपटॉपला बसणारे हादरे एसएसडी सहज सोसते. तिची एक खोड मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात लक्षात ठेवावी: फ्लॅशमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, आणि झिजलेली एसएसडी विजेशिवाय गरम खोलीत महिनोन्महिने पडून राहिली, तर तो भार ओसरू शकतो. शिवाय ट्रिम सुविधा (पुसलेल्या फाइलची जागा रिकामी करायला एसएसडीला सांगणारी) चालू असताना पुसलेली फाइल परत मिळवणे बहुधा अशक्य होते. त्यामुळे एसएसडी बसवताना जुन्या लॅपटॉपमधून काढलेली हार्ड डिस्क विकू नये. शे-दोनशे रुपये मिळवण्यासाठी ती भंगारात देणारे पाहिले, की मला हळहळ वाटते. यूएसबी केसमध्ये बसवून तिच्यावर दर आठवड्याला प्रकल्पांची प्रत घ्यावी, आणि रेंज मिळेल तेव्हा गिटवरील (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातले) काम दूरच्या सर्व्हरवर पाठवावे.