गाभण सशीण सांभाळताना या चुका टाळा

गाभण सशिणीची आणि पिल्लांची बरीच हानी दुर्लक्षाने नाही, अति लुडबुडीने होते. त्यातही एक चूक पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून आधी तीच.

‘आईने पिल्लं टाकली’ असं ठरवून दूध पाजणं. हे नेहमी एकाच क्रमाने घडतं. सशीण पहाटे विते. घरची मंडळी दिवसभर बघतात, तर ती कोपऱ्यात चारा खात बसलेली, पिल्लं ठेवलेल्या पेटीकडे ढुंकूनही बघत नाही. दुपारपर्यंत धीर सुटतो. गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजलं जातं. गारठलेल्या पिल्लाला ते नीट गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं आणि एकेक पिल्लू दगावतं. दोष मात्र आईच्या माथी.

सशीण मांजरीसारखी पिल्लांना कुशीत घेऊन पडत नाही. चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे ती पेटीत जाते, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि बाहेर येते. तिच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट असतात, त्यामुळे तेवढ्यावर भागतं. एरवी ती लांब राहते, कारण रानात तिच्या वासावरून शिकारी जनावराला घरट्याचा माग लागला असता.

म्हणून रोज सकाळी एकदाच, हात धुऊन, दोन मिनिटांत पेटी तपासा. पोट गोल, तट्ट आणि कातडीतून पांढरं दूध दिसत असेल तर पिल्लू प्यायलं आहे. पोट खपाटीला गेलेलं आणि कातडी सुरकुतलेली असेल तर उपाशी आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे सर्वांत कामाचा. मध्यम जातीचं पिल्लू जन्मतः साधारण 40 ते 60 ग्रॅम भरतं आणि आठवड्याभरात दुप्पट होतं. सलग 24 तास सगळीच उपाशी दिसली, तर आईला पेटीत ठेवून पाठीवर अलगद हात ठेवा आणि पाचेक मिनिटं थांबा. तरीही पाजलं नाही तर डॉक्टरांना गाठा. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, ही समजूत खोटी आहे. उलट पेटीबाहेर पडलेलं पिल्लू सशीण तोंडात धरून परत आणत नाही, ते तुम्हालाच ठेवावं लागतं. गार पडलं असेल तर आधी ऊब द्या, मग आईपाशी ठेवा. गार पिल्लाला कधीच काही पाजू नका.

पेटी फार लवकर किंवा फार उशिरा ठेवणं. गर्भकाळ 30 ते 32 दिवसांचा. पेटी 28व्या दिवशी ठेवा. पंधरा दिवस आधी ठेवलीत तर ती तिथेच लघवी करते आणि त्याच ओल्या, उग्र वासाच्या पेटीत विते. न ठेवल्यास पिल्लं उघड्या जाळीवर पडून गारठतात. अडीच-तीन किलोच्या सशिणीला आतून 45 × 30 × 30 सें.मी. पेटी पुरते. पुढची बाजू 15 सें.मी. ठेवा, म्हणजे आई सहज आत जाईल आणि पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. तळाला लाकडाच्या ढलप्या, वर भरपूर कोरडा, मऊ पेंढा. वरचा थर ती छातीचे केस उपटून स्वतः घालते. कापूस, लोकर, चिंध्या नकोत, धागे पिल्लांच्या पायांना आवळतात. नुसता गुळगुळीत वर्तमानपत्राचा तळही नको, पाय फाकतात.

हा सगळा हिशेब नर-मादी एकत्र आल्याची तारीख लिहून ठेवली तरच जमतो. केस उपटणं 16 ते 18व्या दिवसाच्या सुमारास सुरू झालं तर बहुधा खोटा गर्भ आहे.

नर तिथेच ठेवणं. ‘तो शांत आहे, त्रास देत नाही’ हे कारण चालणार नाही. सशीण व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. मग पोटात एक वेत, अंगावर दुसरं. नर आधीच वेगळ्या पिंजऱ्यात हलवा.

पहिल्या दिवसापासून भरमसाट खुराक. लठ्ठ सशिणीला शेवटच्या आठवड्यात गर्भविषबाधेचा, म्हणजे अंगातली चरबी झपाट्याने वापरली जाऊन होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा, धोका असतो. वाळलेलं गवत सतत समोर हवं. लसूणघास आणि गोळीखाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. पोळी, बिस्किटं नकोत. व्यायच्या आदल्या दिवशी खाणं थोडं कमी होतं. पण खाणं पूर्ण थांबलं, लेंड्या बंद झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर.

पोट दाबून पिल्लं मोजणं. नको. 12व्या दिवसाच्या आसपास जाणकार डॉक्टर हाताने तपासतात.

कुत्र्याचं औषध वापरणं. फिप्रोनिलचे गोचिडाचे थेंब सशाला विषारी आहेत. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविकही जिवावर बेततं.

पाणी तोकडं पडणं. पाजणारी सशीण खूप पाणी पिते. जड भांडं ठेवा, दिवसातून दोनदा भरा.

पत्र्याखाली पिंजरा. तापमान 30 अंशांवर गेलं की ससे त्रासतात. एप्रिल-मेमध्ये पिंजरा घरात घ्या, आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवा.

33वा दिवस उलटला, किंवा कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, तर थांबू नका. सशांवर उपचार करणारा डॉक्टर प्रत्येक गावात मिळत नाही, म्हणून त्यांचा नंबर 28व्या दिवशी, पेटी ठेवतानाच मिळवून ठेवा.