पासवर्ड मालकाच्या वहीत: सांगलीत ऑनलाइन मार्केटिंगचं काम शिकताना

ऑगस्ट २०१९ चा महापूर ओसरल्यावर गणपती पेठेतल्या एका हळद-बेदाण्याच्या दुकानात मी चिखल काढायला गेले होते. दुकान वडिलांच्या मित्राचं, लहानपणापासून आम्ही त्यांना काकाच म्हणतो. पोती भिजली होती, फळ्या फुगल्या होत्या, पण काका सगळ्यात जास्त हळहळले ते एका लाल वहीसाठी. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर त्या वहीत होते, वीस वर्षांचे. पानं एकमेकांना चिकटली होती, शाई पसरून निळा डाग झाला होता. काका ती वही गच्चीवर उन्हात घेऊन बसले आणि नखानं एकेक पान सोडवत म्हणाले, "पोरी, हळद काय, पुढच्या साली परत येतीय. ही माणसं कुठनं आणू?"

मी तेव्हा नुकताच डिजिटल मार्केटिंगचा क्लास संपवला होता. एसईओ, फनेल, कन्व्हर्जन हे शब्द पाठ झाले होते आणि आपल्याला काम येतं अशी माझी समजूत होती. त्या वहीनं मला पहिल्यांदा दाखवलं की छोट्या दुकानदाराची खरी दौलत कोणती आणि ती किती सहज हातातून जाते. त्यानंतर सांगली, मिरज, तासगाव भागातल्या बऱ्याच छोट्या धंद्यांचं काम केलं. आता या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली विचारतात, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

क्लास लावायचा तर लावा, पण हजारो रुपये भरण्याआधी गूगलच्या स्किलशॉपवरचे फुकट अभ्यासक्रम करून बघा. वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर स्वतःचीच एक साइट उभी करा, बिघडवा, दुरुस्त करा. एवढं महिन्या-दोन महिन्यांत होतं. त्यापुढचं शिक्षण दुकानातच मिळतं.

काकांची साइट करायला घेतली तेव्हा मी घरी बसून इंग्रजीत मजकूर लिहिला होता. उत्तम दर्जाची हळद, शंभर टक्के शुद्ध वगैरे. काकांनी वाचला आणि एवढंच म्हणाले, "असं कोण विचारत न्हाई गं." मग मी दोन दिवस गल्ल्याशेजारी स्टुलावर वही घेऊन बसले आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिलं वाक्य काय बोलतं ते जसंच्या तसं उतरवलं. "राजापुरी आहे का?" "अख्खी हळकुंडं द्या, पावडर नको." "लोणच्याला कुठली चालते?" "दळून पुण्याला पाठवाल का? कुरिअरचे किती?" एक बाई हळकुंड मोडून आतला केशरी रंग बघत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वरून सगळीच पिवळी दिसतात."

साइटचं पहिलं पान मी त्या वहीतून नव्यानं लिहिलं. प्रत्येक प्रश्नाला दोन ओळींचं सरळ उत्तर, आणि वर मोडलेल्या हळकुंडाचा फोटो, सकाळच्या उजेडात दुकानाच्या दारात काढलेला. मग पुण्याहून एकानं फोनवर विचारलं, पेवातली हळद म्हणजे काय? म्हणून आणखी एक पान झालं: हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची जुनी पद्धत, आणि २००५ च्या पुरात त्या पेवांचं झालेलं नुकसान. हे पान लोक आजही वाचतात, आणि तिथूनच ऑर्डरच्या पानावर जातात. लोक गूगलवर काय टाइप करून तुमच्या साइटपर्यंत आले ते सर्च कन्सोल हे गूगलचं साधन फुकट दाखवतं. त्यात बघाल तर बरीच मंडळी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. ते शब्द मजकुरात कोंबू नका, फक्त लक्षात घ्या की माणूस मराठीतच विचार करून शोधतोय.

इथं एक अडचण नवख्यांना हमखास येते. दुकानदार मजकूर म्हणून जुन्या पत्रकाची फाइल देतात. ती बहुतेक वेळा डीटीपीवाल्यानं जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटात केलेली असते. ती साइटवर चिकटवली की अगम्य अक्षरं उमटतात. मग घाईत त्या पत्रकाचा फोटोच टाकून मोकळे होतात. ते करू नका. फोटोतल्या अक्षरांवर शोधात येण्यासाठी विसंबता येत नाही, आणि आजोबांना फोनवर ती वाचताही येत नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, अर्धा दिवस जाईल. फोटोचंही तसंच: फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो थेट चढवला तर गावाकडं रेंज कमी असताना पान उघडतच नाही. आधी लहान करा, दीड-दोनशे केबी पुष्कळ झाले.

बऱ्याच दुकानांना खरं तर पहिल्या दिवशी वेबसाइट लागतच नाही. लागतं ते गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद. ती फुकट आहे. जवळपासचे निकाल दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती, आणि दुकानाचं नाव किती झालंय. अंतर आपल्या हातात नाही. बाकीच्यासाठी धंद्याचा योग्य प्रकार निवडा, वेळा खऱ्या लिहा, आठवड्याची सुट्टी लिहा, दर महिन्याला दोन नवे फोटो टाका. नावाच्या जागी पाटीवर आहे तेच नाव. "अमुक ट्रेडर्स बेस्ट हळद सांगली" असं लिहिणं नियमाविरुद्ध आहे, त्यापायी नोंद निलंबित होऊ शकते. पहिला नंबर मिळवून देतो असं गिऱ्हाइकाला कधीही सांगू नका. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलनं स्वतः लिहून ठेवलंय.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. माधवनगर रस्त्यावर एका पंप दुरुस्तीवाल्या दादांची वेबसाइट होती, चांगली चालणारी. एक दिवस ती उघडेना. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपली होती. डोमेन होतं साइट करून देणाऱ्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर, आणि तो गाव सोडून गेला होता, फोन लागत नव्हता. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या ईमेलवर जात राहिल्या असणार. दादांना ते नाव परत मिळालं नाही. गाडीवर, बिलावर, फ्लेक्सवर सगळीकडं तोच पत्ता छापलेला. मला त्या दिवशी फार राग आला, कारण त्या माणसानं कदाचित मुद्दाम काहीच केलं नव्हतं. त्यानं फक्त सोयीचं होतं म्हणून स्वतःचा ईमेल टाकला होता.

तेव्हापासून माझा नियम आहे. कामाच्या पहिल्या दिवशी दुकानाच्या नावाचा नवा ईमेल काढायचा. त्याला रिकव्हरीचा (पासवर्ड हरवला तर लागणारा) नंबर मालकाचा, पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याचा नाही आणि माझाही नाही. डोमेन त्या ईमेलवर, मालकाच्या नावावर, पैसे मालकाच्या खात्यातून. गूगल प्रोफाइलवर ओनर मालक, मी फक्त मॅनेजर. फेसबुक पेजवरही पासवर्ड मागायचा नाही, कामापुरता अ‍ॅक्सेस घ्यायचा. आधीच्या कुणीतरी नोंद स्वतःकडं ठेवली असेल तर गूगलकडं अ‍ॅक्सेसची विनंती करता येते, काही दिवस थांबावं लागतं. हे सगळं करताना मालक कंटाळतात. "तूच ठेव की तुझ्याकडं," म्हणतात. ठेवू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि ओटीपी त्यांनाच टाकू द्या.

स्वतःचं आणि उसनं यातला फरक मला मार्च २०२४ मध्ये पुन्हा कळला. गूगल प्रोफाइलसोबत एक फुकटची छोटी वेबसाइट मिळायची. माझ्या चार गिऱ्हाइकांना मी तीच करून दिली होती, खर्च नको म्हणून. गूगलनं ती सोय बंद केली आणि चारही साइट गेल्या. चौघांकडं जाऊन मी चूक कबूल केली आणि स्वतःच्या डोमेनवर साधी एका पानाची साइट पैसे न घेता करून दिली. डोमेनला वर्षाला साधारण हजाराच्या आसपास जातात. ते वाचवायला नको होते.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. फेसबुक-इन्स्टावर बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण दाबणं सोपं आहे, म्हणूनच त्यात पैसे जातात. मी सुरुवातीला एका घरगुती मसाल्यांच्या ताईंचे दोन हजार रुपये असे घालवले: भाग निवडताना पूर्ण देश तसाच राहिला आणि दूरदूरच्या राज्यांतून भाव विचारणारे मेसेज येत राहिले, ऑर्डर एकही नाही. ते पैसे मी परत दिले. आता सांगली-मिरजेभोवतीचे ठरावीक किलोमीटर, रोजचे शंभर-दीडशे रुपये, आणि थेट व्हॉट्सअ‍ॅपवर येईल अशी जाहिरात, एवढंच करते. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो हे आधीच सांगा. आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला "कुठं बघितलं?" असं विचारून वहीत खूण करायला लावा. डॅशबोर्डवरच्या आकड्यांपेक्षा त्या खुणांवर माझा जास्त विश्वास आहे.

मिरजेत तंबोरे-सतारी बनवणाऱ्या एका कारागिराला मी फोटोंऐवजी आवाज विकायला सांगितलं. तारांखालची घोडी घासून जवारी काढतानाचा, म्हणजे सूर खुलवतानाचा, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, आधीचा सूर आणि नंतरचा सूर, मागं संगीत नाही, बोलणं नाही. ज्यांना कळतं त्यांना तेवढ्यात कळलं. पैसे घालून केलेल्या कुठल्याही पोस्टपेक्षा त्यावर चांगली विचारणा आली.

रिव्ह्यू विकत घेऊ नका, सवलतीच्या बदल्यातही मागू नका, ते नियमात बसत नाही. माल हातात पडून चार दिवस झाले की रिव्ह्यूसाठी एक साधा मेसेज पाठवा. वाईट रिव्ह्यू आला तर मालकाला रात्रीत उत्तर देऊ देऊ नका, सकाळी द्या.

खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर साइटवर लिहा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, पण म्हणून कुणीही जीआयचं चिन्ह छापू शकत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. डिझाइन छान दिसावं म्हणून ते चिन्ह टाकून देणारी मुलं मी पाहिली आहेत. भुर्दंड मालकाला पडतो.

तुमच्या स्वतःच्या पैशाचं सांगायचं तर साइटचे पैसे आणि महिन्याच्या देखभालीचे पैसे वेगळे लिहून घ्या. एका पानावर, मराठीत, सही घेऊन. ओळखीत काम करताना हे अवघड जातं, पण नंतरची अढी त्याहून वाईट.

काकांच्या गिऱ्हाइकांची यादी आम्ही पुन्हा उभी केली. जुनी कुरिअरची बिलं, फोनमधले कॉल, आणि त्या सुकवलेल्या पानांतून वाचता आलं तेवढं. दुकानाचा ०२३३ चा लँडलाइन नंबर सगळ्यांना पाठ होता, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस त्याच नंबरावर घेतलं. लँडलाइनवरही ते चालतं, पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. एकच मेसेज अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत तेव्हा २५६ जण बसायचे आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जायचा, म्हणून प्रत्येक पार्सलात "नंबर सेव्ह करा" अशी चिठ्ठी जायची.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, ती ओलांडणार हे दिसताच काकांनी पोती वर हलवली. मी प्रोफाइलवर दुकान "तात्पुरतं बंद" केलं आणि काकांनी स्वतः मेसेज पाठवला: माल सुखरूप आहे, पार्सलं उशिरा निघतील. संध्याकाळपर्यंत उत्तरं येत होती. बहुतेकांनी हळदीचं काहीच विचारलं नव्हतं, तुम्ही कसे आहात एवढंच विचारलं होतं. काका चष्मा लावून एकेकाला उत्तर देत बसले.

काकांनी नवी लाल वही घातली आहे. पहिल्या पानावर दुकानाचा ईमेल, डोमेन कुठून घेतलं ते आणि नूतनीकरणाची तारीख त्यांच्या अक्षरात लिहिलेली आहे. ती तारीख ते दरवर्षी नव्या कालनिर्णयावर उतरवून घेतात. वही आता वरच्या मजल्यावरच्या कपाटात असते.